माहूरची दोन दिवसांची जीपसेवा: देवीचा गड आणि दिवाळीतील दंडार

दिवाळीच्या आधी आम्ही परभणीचे चौघे माहूरला गेलो आणि तेथील एका स्थानिक चालकाची जीप दोन दिवसांसाठी ६,००० रुपयांना ठरवली. नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे हे डोंगरातले गाव बहुतेकांना रेणुकामातेमुळे माहीत आहे. परंतु पैनगंगेच्या खोऱ्यात, किनवट आणि माहूर तालुक्यांत, गोंड, कोलाम, आंध आणि प्रधान समाजांची गावे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत, ही गोष्ट यात्रेच्या गर्दीत बाजूला पडते. या चालकाने ती आम्हाला नीट दाखवली.

पहिला दिवस गडाचा होता. साडेतीन शक्तिपीठांपैकी हे एक पूर्ण पीठ आहे. गाभाऱ्यातला शेंदूरचर्चित तांदळा, म्हणजे देवीचे मुखरूप, डोळे भरून पाहिला आणि विड्याची पाने खलबत्त्यात कुटून केलेला तांबूल प्रसाद म्हणून हातावर घेतला, तेव्हा चढण्याचा सारा शीण उतरला. दत्तशिखर आणि अनसूयामातेचे शिखरही त्याच दिवशी झाले. पायऱ्या बऱ्याच आहेत, म्हणून वयस्करांनी सकाळी लवकरच निघावे.

दुसऱ्या दिवशी चालक आम्हाला सागाच्या जंगलातून एका गोंड गुड्याकडे, म्हणजे आदिवासी वस्तीकडे, घेऊन गेला. गाडी त्याने वेशीबाहेरच उभी केली, एकटाच गावपाटलांकडे जाऊन परवानगी घेऊन आला आणि आम्हाला म्हणाला, "सर, आधी 'जय सेवा' म्हणून नमस्कार करा, मोबाइल खिशात ठेवा. ते म्हणतील तेव्हाच फोटो काढा." या एका वागण्यावरून मला ही सेवा मनापासून आवडली.

दिवाळीच्या आधीच्या दिवसांत गोंडांच्या दंडारी, म्हणजे नाचणाऱ्यांचे ताफे, निघतात. एका गावची मंडळी दुसऱ्या गावाला पाहुणी जाते, यजमान त्यांचे पाय धुतात, जेवू घालतात आणि रात्रभर नाच चालतो. अंगाला राख फासलेले, मोरपिसांचा मोठा टोप घातलेले आणि हातात सोटा घेतलेले गुसाडी, म्हणजे दंडारीतले मानाचे नर्तक, समोरून चालत आले, तेव्हा घुंगरांच्या तालावर तो टोप अख्खा थरथरत होता; एका थकलेल्या आजीने गुडघा पुढे केला आणि गुसाडीने त्यावर हलकेच सोटा टेकवला. ढोल आणि पेपऱ्यांच्या (सनईसारख्या वाद्यांच्या) सुरात तेवढाच एक क्षण नाच थांबला होता. त्या सोट्याच्या स्पर्शाने दुखणे बरे होते, अशी श्रद्धा आहे; त्या आजींच्या चेहऱ्यावरचा विश्वास मी विसरणार नाही. शेजारच्या तेलंगणातही हीच परंपरा आहे आणि तेथील कनक राजू यांना गुसाडी नृत्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्रीने गौरवण्यात आले.

एक गोष्ट मात्र खटकली. आम्ही ज्या लॉजवर उतरलो होतो, तेथील व्यवस्थापकाने "आदिवासी नाच" अंगणात बोलावून दाखवण्याची तयारी दर्शवली आणि त्यासाठी वेगळे पैसे मागितले. आम्ही नकार दिला. ज्या गुसाडीचा सोटा गुड्यात मान देऊन अंगाला लावून घेतला जातो, त्यालाच जेवणाच्या टेबलांसमोर उभे करणे अत्यंत चुकीचे आहे, आणि पाहुण्यांनी ते मागूही नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या लॉजमध्ये गरम पाणीही दोन्ही दिवस मिळाले नाही. मुक्कामासाठी पर्याय शोधलेला बरा.

परतीच्या वाटेवर चालकाने आम्हाला झाडावर पिकू आलेली सीताफळे घेऊन दिली आणि विकणाऱ्या बाईला हातात पूर्ण किंमत मिळेल हे पाहिले. त्याच्या जीपची मागची आसने मात्र कडक आणि अरुंद आहेत, त्यामुळे कंबरदुखीच्या लोकांनी पुढे बसावे. रेल्वेने येणाऱ्यांना किनवटपर्यंत गाडी मिळते. तेथून माहूर रस्त्याने जावे लागते. दंडार पाहायची असल्यास दिवाळीच्या आधी चालकाशी बोलून घ्यावे, कारण कोणत्या गुड्यात कधी पाहुणे येणार, हे तो तेथील पाटलांना विचारूनच सांगतो.