किलीमांजारोला जाणार असाल तर आधी नागपूरच्या धरमपेठेतल्या या ट्रेकिंगच्या दुकानात जाऊन या

मी आणि माझी मोठी बहीण, वय 44 आणि 47, सप्टेंबरमध्ये टांझानियातला किलीमांजारो डोंगर चढून आलो, मचामे नावाच्या वाटेनं सात दिवस, आणि आल्यापासून जो तो विचारून राहिला की सामान कुठून घेतलं, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. जवळपास सगळं या दुकानातूनच, अर्धं विकत, अर्धं भाड्यानं.

आधी बुटांचं. आम्ही सकाळी अकराला गेलो तर दुकानातले भाऊ म्हणाले, "ताई, आता माप नका देऊ, संध्याकाळी या, दिवसभर चालून पाय थोडा फुगला पाहिजे, आणि डोंगरावर जे जाड मोजे घालणार तेच घालून या." संध्याकाळी गेलो तर त्यांनी एक उतरती लाकडी फळी काढली न् बूट घालून तिच्यावरून खाली चालायला लावलं, अंगठा पुढे टेकतो का ते बघायला. माझा टेकला. अर्धा नंबर मोठा दिला, तरी टेकला, मग पूर्ण एक नंबर मोठा घेतला. बहीण म्हणे अगं हा ढगळा होते तुला. पण शिखरावरून उतरताना त्या फळीची किंमत कळली. उहुरू पीक, म्हणजे किलीमांजारोचं शिखर, 5895 मीटर, आणि त्याच दिवशी म्वेका कॅम्पला यायचं, तो साधारण 3100 वर, म्हणजे एका दिवसात पावणेतीन हजार मीटर खाली, आणि सुरुवातीचा उतार तर नुसता ज्वालामुखीची राख न् बारीक खडे, पाय टाकला की घसरत खाली. आमच्या ग्रुपमधल्या एका पोराची दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी झाली. माझं एकही नख गेलं नाही.

दुसरी गोष्ट, हे लोक नको ते गळ्यात मारत नाहीत. बहिणीनं कुठंतरी व्हिडिओ बघून ते ट्रेनिंगचे मास्क मागितले, काचेत समोरच ठेवलेले होते, तरी भाऊ म्हणाले घेऊ नका, त्यानं श्वास ओढायला जोर लागते एवढंच, हवेचा दाब काही कमी होत नाही, आपलं नागपूर जेमतेम 310 मीटरवर, उंचीची सवय इथं बसून होतच नाही, तेच पैसे सहा दिवसांच्या ऐवजी सात दिवसांच्या पॅकेजला लावा. आम्ही लावले. त्या जादा दिवसात कारंगा कॅम्पला एक रात्र मिळते, आणि त्याच्या आदल्या दिवशी उंचीची सवय व्हावी म्हणून लाव्हा टॉवरला 4600 मीटरपर्यंत चढवून झोपायला परत 3900 च्या आसपास बरांको कॅम्पला उतरवतात, वर माझं डोकं ठणकत होतं ते रात्रीतून उतरलं. इथं आम्ही फक्त पाय तयार केले, मे महिन्यात पहाटे पाचला सेमिनरी हिल्स, कारण सातनंतर उन्हात उभं राहवत नाही, आणि रविवारी पाठीवर पाण्याच्या बाटल्या घेऊन रामटेकच्या गडाच्या पायऱ्या, वर-खाली चार वेळा, तेच बूट घालून.

भाड्याच्या डाऊन जॅकेट आणि स्लीपिंग बॅग दोन्ही स्वच्छ होत्या, वास नाही, चेन नीट. बॅग देताना त्यांनी लेबलवरचा कम्फर्टचा आकडा दाखवला, म्हणजे किती थंडीपर्यंत आरामात झोप लागते तो, म्हणे त्याच्याखालचा लिमिटचा आकडा, ज्यात कशीबशी रात्र निघते, तो बघून कोणीही बॅग घेऊ नये, त्यात माणूस रात्रभर कुडकुडते. शेवटी डफल, म्हणजे पोर्टर उचलतो ती सामानाची मोठी बॅग, ताणकाट्याला टांगून बघितली, 17 किलो भरली. पोर्टरला एकूण 20 किलोच्या वर उचलू देत नाहीत, त्यात त्याचंही थोडं सामान असते, म्हणून आपली 15 च्या आत पाहिजे. दोन जीन्स काढल्या. कपडे पॉलिथिनच्या पिशव्यांत भरले होते तेही काढायला लावले, टांझानियात 2019 पासून त्या पिशव्यांवर बंदी आहे, मला खरंच माहीत नव्हतं.

तक्रार एकच पण मोठी आहे. भाड्यानं घेतलेला हेडलॅम्प. शिखरासाठी बराफू या शेवटच्या कॅम्पवरून मध्यरात्री निघालो, दोन-अडीचला तो मंद होत होत बंदच झाला, थंडीत सेल लवकर बसतात हे खरं, पण यातले सेल देतानाच वापरलेले होते आणि मी विश्वासानं तपासले नाहीत. गाईडनं त्याच्याजवळचा जादा टॉर्च दिला म्हणून निभलं, नाहीतर तेवढ्या उंचीवर त्या अंधारात मी काय केलं असतं. परत आल्यावर सांगितलं तर भाऊंनी वाद न घालता त्याचं भाडं परत दिलं आणि माझ्यासमोर बाकीच्या लॅम्पचे सेल काढून ठेवले. तरीही हेडलॅम्प स्वतःचाच घ्या, नवे सेल टाका, आणि जादाचे सेल रात्री झोपताना स्लीपिंग बॅगमध्ये अंगाजवळ ठेवा.

डिपॉझिट 5 हजार घेतात, मला पूर्ण परत मिळालं, बुटावरून पोटरीला बांधायच्या गेटर्सच्या शिवणीत ती करडी राख अजून होती तरी कापले नाहीत. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या ट्रिपसाठी स्लीपिंग बॅग जुलैतच बुक करा, चांगल्या चार-पाचच आहेत. आणि बुटाला जाल तर संध्याकाळीच जा.