रानसोयाबीन: शीट पाहावी की स्कॅन?

लातूरच्या बाजारात येणाऱ्या सोयाबीनचा रानटी पूर्वज म्हणजे ग्लायसिन सोजा; चीन, कोरिया, जपान आणि अतिपूर्व रशियातला वर्षायू वेल. हर्बेरियममधला, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातला, त्याचा नमुना अभ्यासायचा तर मूळ शीट (नमुना चिकटवलेला लेबलसह कागद) गाठा, नाहीतर तिचं स्कॅन उघडा.

स्कॅन घरबसल्या मिळतं. लेबलवरचं गाव, तारीख, संग्राहकाचं गिचमिड अक्षर मोठं करून वाचता येतं. मात्र स्कॅनसोबतच्या नकाशावर ठिकाण दाखवणाऱ्या ठिपक्यावर डोळे झाकून विसंबू नका. जुन्या लेबलवर नुसतं गावाचं नाव असतं, अक्षांश-रेखांश बहुधा मागाहून कुणीतरी जोडलेले!

शेंगेवरची तपकिरी लव, शीटला जोडलेल्या पाकिटात सांडलेलं मसुरीहून बारीक काळपट बी भिंगाखाली धरायचं, तर शीटच हवी. डीएनएसाठी पानाचा तुकडाही तिथलाच. मी आधी स्कॅन चाळतो, अडलं तरच कपाट उघडायला सांगतो.