महाराष्ट्र बँकेत आईचं खातं : आठ महिन्यांनंतर

बाबा गेले आणि आईच्या पैशांचं सगळं बघायची वेळ माझ्यावर आली. तेव्हा लक्षात आलं की घरातली निम्म्याहून जास्त रक्कम एका मोठ्या खाजगी बँकेत आहे आणि त्यातली बरीचशी एफडी नाहीच, पॉलिसी आहे. बँकेचं नाव लिहीत नाही. तिथला मुलगा घरी यायचा, चहा प्यायचा, "काका, एफडीसारखंच आहे, फक्त रिटर्न जास्त" म्हणायचा आणि बाबांनी विश्वासाने सही केली, तेव्हा त्यांचं वय 76. दरवर्षी हप्ता भरायचाय हे त्यांना दुसरा हप्ता कापला गेल्यावरच कळलं आणि तोपर्यंत पॉलिसी परत करायची मुदत उलटून गेली होती. (आता ही मुदत 30 दिवसांची आहे, कुणाच्या घरी अशी पॉलिसी नुकतीच आली असेल तर आजच कागद काढून तारीख बघा.)

तर मार्चमध्ये आईचं कुटुंब निवृत्तीवेतन कुठे घ्यायचं हा प्रश्न आला तेव्हा आई एकच म्हणाली, महाराष्ट्र बँकेत घाल, तुझ्या आजोबांचं खातं तिथेच होतं. मला हे कारण पुरेसं वाटेना. आजोबांचं होतं म्हणून काय झालं? म्हणून खातं उघडायच्या आधी मी बँकेबद्दल जेवढं वाचता येईल तेवढं वाचलं, आणि खरं सांगते, त्यातलं बरंच मला पुण्यात जन्म काढूनही माहीत नव्हतं.

बँकेची नोंदणी 16 सप्टेंबर 1935 ची आणि कामकाज सुरू झालं 8 फेब्रुवारी 1936 ला, पुण्यातच. पुढाकार घेणाऱ्यांत प्रा. वा. गो. काळे होते, फर्ग्युसनमध्ये अर्थशास्त्र शिकवणारे. अधिकृत भांडवल 10 लाख. त्यांना वाटलं की इथल्या छोट्या धंदेवाल्याला कर्ज देणारी आपली बँक हवी. 1938 मध्ये मुंबईत फोर्टला शाखा, 1940 मध्ये डेक्कन जिमखान्यावर. ठेवी 1 कोटीवर जायला 1946 उजाडलं, म्हणजे दहा वर्षं लागली. आज त्याच बँकेत 3 लाख कोटींच्या वर ठेवी आहेत. 19 जुलै 1969 ला ज्या 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं त्यात ही होती, निकष होता 50 कोटींच्या वर ठेवींचा. शिवाजीनगरच्या लोकमंगलवरून, म्हणजे बँकेच्या मुख्य कार्यालयावरून, मी शंभरदा गेलेय, पण लोगोत जी दीपमाळ आहे ती आपल्या देवळांपुढची दीपमाळ हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

पण इतिहास चांगला म्हणून पैसे ठेवायचे असं नाही ना. पुण्याला तर हे सांगायलाच नको, इथली रुपी ही सहकारी बँक 1912 ची होती, 2013 मध्ये निर्बंध आले आणि 2022 मध्ये लायसन्स गेलं. जुनं नाव म्हणजे सेफ, हे गणित इथल्या हजारो घरांत मोडलंय.

आणि महाराष्ट्र बँकेचे वाईट दिवस काही फार जुने नाहीत. जून 2017 मध्ये आरबीआयने तिला पीसीएखाली (प्रॉम्प्ट करेक्टिव्ह अ‍ॅक्शन, अडचणीतल्या बँकेवरची बंधनं) टाकलं, म्हणजे बुडीत कर्जं एवढी वाढली की कर्ज वाटपावर, नवीन शाखांवर, लाभांशावर बंधनं. मार्च 2018 ला ग्रॉस एनपीए 19.48 टक्के होता. शंभर रुपये कर्ज दिलं तर साडेएकोणीस रुपये अडकलेले, आकडा वाचून मी लॅपटॉप बंद केला होता त्या रात्री. पीसीएमध्ये ठेवीदारांच्या पैशांवर काही बंधन नसतं, तरी त्या काळात सरकारी बँका बंद होणार असे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर एवढे फिरत होते की आरबीआयला खुलासा करावा लागला. त्यात जून 2018 मध्ये बँकेच्या तेव्हाच्या प्रमुखांना एका बिल्डरच्या कर्ज प्रकरणात पुणे पोलिसांनी अटक केली, आणि काही महिन्यांनी पोलिसांनीच कोर्टाला सांगितलं की त्यांच्याविरुद्ध पुरावा नाही. अटकेची बातमी पहिल्या पानावर, पुढची बातमी किती जणांनी वाचली असेल? माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांना ती माहीतच नाही, ते अजून "ती अटकवाली बँक" म्हणतात. मला हे मनापासून अन्यायाचं वाटतं.

31 जानेवारी 2019 ला बँक पीसीएमधून बाहेर आली. पुढच्या वर्षी 10 सरकारी बँका मिळून 4 झाल्या त्यात ही विलीन झाली नाही, नाव टिकलं. मार्च 2025 ला ग्रॉस एनपीए 1.74 टक्के. यात सरकारने घातलेलं भांडवल आहे, राइट-ऑफ (हिशेबातून काढून टाकलेली बुडीत कर्जं) पण आहे, सगळी कर्जं वसूल झाली असं नाही. पण 19 वरून पावणेदोनवर येणं हे सात वर्षांत झालंय आणि मला आजोबांच्या खात्यापेक्षा हा आकडा जास्त पटला.

आता प्रत्यक्ष वापर. खातं उघडायला तीन चकरा झाल्या, कारण आईच्या पॅनवर एक स्पेलिंग आणि आधारवर दुसरं, ते आमच्याकडूनच वर्षानुवर्षं राहिलं होतं. तिसऱ्या खेपेला सही करताना तिचा हात थरथरायला लागला, सही जमेना, दोन फॉर्म वाया गेले आणि तिचे डोळे भरून आले, कारण "कै." लिहिलेलं बाबांचं नाव समोरच्या कागदावर होतं. काउंटरवरच्या मॅडम उठून बाहेर आल्या, खुर्ची ओढली, म्हणाल्या, "काकू, घाई नाहीये, पाणी प्या, नाहीच जमली तर अंगठा चालतो." आईने पाणी प्यायलं आणि सही केली. अंगठा नको होता तिला.

अ‍ॅप मी तिच्या फोनवर मुद्दाम घातलं नाही, कारण एप्रिलमध्ये तिला "तुमच्या नावाने पार्सल पकडलंय" असा फोन आला होता आणि ती अर्धा तास लाइनवर होती. फोनवर बँकच नसेल तर निदान घाबरून तिथल्या तिथे पैसे पाठवले जाणार नाहीत. ती पासबुक वापरते. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात शाखेत जाऊन छापून आणते आणि जेवणानंतर टेबलावर पेन्सिल घेऊन बसते, पेन्शनच्या तारखेपुढे टिक, व्याजापुढे टिक. बाबा असताना तिने कधी पासबुक उघडलं नव्हतं. आठ महिन्यांत एकही एंट्री अशी आली नाही की जी तिला कळली नाही. विम्याचं एकदा विचारलं शाखेत, ती नको म्हणाली, विषय संपला, परत कुणी काढला नाही. माझ्यासाठी या अनुभवातलं सगळ्यात मोठं हेच आहे.

या महिन्यात हयातीचा दाखला दिला. तेव्हाच नॉमिनेशन पण बदललं, 1 नोव्हेंबर 2025 पासून खात्याला चार नॉमिनी देता येतात, टक्केवारीसकट. आधी एकटी मीच होते, आता मी आणि नाशिकचा भाऊ, पन्नास-पन्नास. आईने फॉर्मवर भावाचं नाव स्वतः लिहिलं. फक्त एवढं लक्षात ठेवा की नॉमिनी म्हणजे मालक नाही, तो वारसांच्या वतीने पैसे घेतो, मृत्युपत्र वेगळं करावंच लागतं. आमचं व्हायचंय अजून.

आणि कितीही चांगला अनुभव असला तरी सगळी रक्कम एका ठिकाणी ठेवणार नाही. ठेव विमा 5 लाखांचा आहे, एका माणसाला एका बँकेत, मुद्दल आणि व्याज धरून, चार शाखांत चार एफडी केल्या तरी मिळून 5 लाखच. खाजगी बँकेतली खरी एफडी फेब्रुवारीत मॅच्युअर होतेय, त्यातली निम्मी इथे येईल आणि निम्मी दुसऱ्या एका सरकारी बँकेत, आईशी बोलून ठरलंय. दुसरीकडचं पासबुक पण तिच्याच हातात राहणार, ती म्हणाली पेन्सिल तीच चालेल.