छोट्या रोबोंना वायरलेस चार्जिंग : सात महिन्यांचा अनुभव

आमच्या शाळेच्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये लाइन फॉलोअरच्या, म्हणजे जमिनीवरच्या रेषेमागे धावणाऱ्या, पाच रोबो गाड्या आहेत. दर महिन्याला एखादीचं मायक्रो यूएसबी सॉकेट उखडायचं. मुलं घाईत पिन उलटी दाबतात, मग सॉकेटबरोबर पीसीबीवरचं (सर्किट बोर्डवरचं) तांबंही सोलून निघतं. म्हणून ५ वॅटची क्यूआय (Qi, मोबाइलच्या वायरलेस चार्जिंगची पद्धत) पॅड आणि त्यांच्याकडून वीज घेणारे, मोबाइलच्या पाठीला लावतात तसले पातळ रिसीव्हर घेतले. सात महिन्यांत एकही सॉकेट तुटलेलं नाही. माझे पैसे तिथेच वसूल झाले.

पहिले तीन आठवडे मात्र वैतागाचे गेले. गाडी पॅडवर ठेवली की चार्जिंगचा लाल दिवा लागायचा, विझायचा, पुन्हा लागायचा. विक्रेत्याचं उत्तर एकच, पॅड बदला. मल्टिमीटर लावला तेव्हा कळलं : गाडीतला सेल चार्ज करणारं टीपी४०५६ मॉड्यूल १ अँपिअर ओढायला गेलं की रिसीव्हरचे ५ व्होल्ट कोसळतात. मॉड्यूलवरचा करंट ठरवणारा १.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून २ किलोओहमचा सोल्डर केला. करंट ५८० मिलिअँपिअरवर आला आणि दिवा स्थिर झाला. २६०० एमएएचचा सेल वायरने तीन तासांत भरायचा, आता साडेपाच लागतात. सकाळी सातला ठेवलेली गाडी दुपारच्या तासाला तयार असते, आम्हाला तेवढं पुरतं.

गाडीचा स्विच चालू ठेवून चार्ज करू नका. हे मॉड्यूल ठरवलेल्या करंटच्या दहाव्या भागावर, म्हणजे ५८ मिलिअँपिअरवर, चार्जिंग थांबवतं. वायफाय चालू असलेला ईएसपी३२ (गाडी चालवणारा कंट्रोलर) एकटाच त्याहून जास्त खातो, त्यामुळे चार्जिंग पूर्ण झाल्याचा निळा दिवा कधी लागतच नाही आणि सेल ४.२ व्होल्टवर ताटकळत राहतो.

एका गाडीची चेसिस ॲल्युमिनियमची. रिसीव्हर थेट पत्र्याला चिकटवला होता. दहा मिनिटांत पत्रा इतका तापला की हात ठेववेना. कॉइलच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे पत्र्यातच करंट फिरतो. मध्ये फेराइट शीट (चुंबकीय क्षेत्र पत्र्यापर्यंत जाऊ न देणारा पातळ थर) घातली आणि ॲक्रिलिकचा तुकडा लावून कॉइल पत्र्यापासून खाली आणली, तेव्हा तापणं थांबलं.

जागा चुकली की सगळंच फुकट. गाडी सेंटिमीटरभर सरकली तरी चार्जिंग बंद पडायचं. नववीतल्या एका मुलीने पॅडच्या दोन्ही बाजूंना निमुळत्या लाकडी पट्ट्या ठोकायला सुचवलं. आता गाडी ढकलली की आपोआप नेमकी मध्यावर येऊन थांबते. महागडं पॅड घेण्याआधी या पट्ट्या करा, असं मी आग्रहाने सांगेन.

दोन सेलच्या मोठ्या गाडीला मात्र अजून वायरच आहे. तिला ८.४ व्होल्ट लागतात. वायरलेसमध्ये वाटेतच एवढी ताकद गळत असताना वर व्होल्टेज वाढवणारा बूस्ट कन्व्हर्टर जोडणं मला पटत नाही.