‘हॉर्न्स’साठी घेतलेला चुंबकी बोर्ड

टिळक रोडवरच्या एका स्पोर्ट्सच्या दुकानातून बास्केटबॉलचे डाव समजवायला हा घडीचा बोर्ड घेतला. नववी-दहावीच्या मुलींना एनबीएतला, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधला, ‘हॉर्न्स’ हा डाव शिकवायचा होता: पॉइंट गार्ड (चेंडू खेळवणारी) वर मधोमध, दोन उंच खेळाडू एल्बोवर (फ्री थ्रो रेषेच्या दोन टोकांना), दोन शूटर कोपऱ्यांत. सोंगट्या सरकवल्या की पाच मिनिटांत समजतं. फरशीवर खडूने काढलं तर पोरी जांभया द्यायच्या.

पण कोर्ट छापलंय एनबीएचं! तिथली तीन गुणांची रेषा समोरून ७.२४ मीटर, आपली ६.७५. तेवढ्यावरूनही आमच्यात चेंडू रिंगपर्यंत पोचवणाऱ्या दोघीच. म्हणून कोपऱ्यातल्या सोंगट्या दोन पावलं आत घेतल्या, आणि स्क्रीन लावणारी (बचावपटूची वाट अडवणारी) बाहेर येऊन शॉट मारण्याऐवजी सरळ बास्केटकडे धावते. परवाच्या सरावात सलग चार लेअप (बास्केटजवळून मारलेले शॉट) पडले. ‘सर, मी नुसती उभीच का?’ असं कोपऱ्यातली एक फुरंगटून म्हणाली. अगं, तू तिथे उभी आहेस म्हणूनच तुझी बचावपटू आत मदतीला जाऊ शकत नाही! हे बोर्डावर दाखवल्यावरच तिला पटलं.

सोबतचं पेन मात्र आठवड्यात वाळलं. दुकानदार म्हणे, ‘पेनाची गॅरंटी नसते हो सर.’ बोर्ड घ्या, पेन आपलं न्या.