मानसोपचार नर्सिंग: छापील केस की उलगडत जाणारी?

तासगावचा द्राक्षबागायतदार, अवकाळीत बाग गेली, महिनाभर झोप नाही. शिकवताना ही केस विद्यार्थ्यांना पूर्ण छापून दिली की चर्चा अर्ध्या तासात उरकते. मोठ्या वर्गाला, लक्षणांच्या उजळणीला ठीक. पण उत्तर कागदावरच असतं.

तीच केस चिठ्ठ्यांत द्या. पहिलीत फक्त ‘पोटात जळजळ, झोप नाही’. विचारलं तरच पुढची. पीएचक्यू-९ या नैराश्य मोजायच्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीचे गुण १४ दिसले की विद्यार्थी ‘मध्यम नैराश्य’ लिहून मोकळे. नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या विचारांना, १ गुण पडलाय हे नजरेतून सुटतं. तिथेच थांबवा. ‘जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का?’ हे मोठ्याने विचारायला लावा (बरेच जण इथे अडखळतात). मगच घरातल्या कीटकनाशकाची चिठ्ठी. गट मात्र आठ-दहांचाच हवा.