नैराश्य, गोळ्या आणि समुपदेशन: पावसाळ्यापासून आजपर्यंतचा अनुभव

गेल्या पावसाळ्यात समुपदेशन सुरू केलं, आता उन्हाळा लागलाय. ‘याने खरंच फरक पडतो का हो?’ असं बँकेतल्या दोघा-तिघांनी बाजूला घेऊन विचारलं, म्हणून सविस्तर लिहितोय. फरक पडतो. सावकाश पडतो, आणि त्यासाठी आपल्याला बरंच काम करावं लागतं.

आधी ओळखायचं कसं ते सांगतो, कारण बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. नैराश्य म्हणजे माणूस कोपऱ्यात रडत बसतो, असं आपल्याकडे धरून चालतात. मला रडू येत नव्हतं, राग येत होता. काउंटरवर पासबुक भरून मागणाऱ्या आजोबांवर, मुलाच्या मोबाइलवर, आमटीत मीठ कमी पडलं म्हणूनसुद्धा. पहाटे साडेतीनला जाग यायची, मग डोळ्याला डोळा लागायचा नाही. मान धरलेली, जेवणावरची वासना उडालेली. पित्ताच्या गोळ्या झाल्या, मानेला पट्टा झाला. खरी खूण पावसाळ्याआधीच बायकोने पकडली. आमच्या आळीत गुरुवारी भजन असतं, तिथे तबल्याला मी. “अहो, दिवाळीपासून तबल्यावरची खोळ काढली नाहीत तुम्ही,” एवढंच ती म्हणाली. वेळ होता, हातही धड होते. पण जावंसं वाटत नव्हतं आणि न गेल्याची खंतही वाटत नव्हती. आवडीच्या गोष्टीतली गोडी जाणं हे उदासीइतकंच मुख्य लक्षण आहे, हे पुढे डॉक्टरांकडून कळलं.

आमच्या साताऱ्यातल्या फॅमिली डॉक्टरांनी आधी थायरॉइड, बी-12 आणि साखर तपासायला सांगितली. थायरॉइड मंदावलं तरी माणूस असाच मरगळतो, म्हणून हे आधी बघतात. रिपोर्ट ठीक आले. मग त्यांनी नऊ प्रश्नांचा कागद पुढे ठेवला, पीएचक्यू-9. मागच्या दोन आठवड्यांत झोप, भूक, थकवा, एकाग्रता, स्वतःबद्दलचं मत यांचा त्रास किती दिवस झाला, ते प्रत्येक प्रश्नाला 0 ते 3 गुणांत लिहायचं. एकूण गुण 27, आणि 10 किंवा जास्त आले की पुढे नीट तपासणी करतात. माझे 17 आले. नुसत्या त्या कागदावर निदान होत नाही, डॉक्टरच ते करतात. पण इतके दिवस ज्याला ‘कामाचा ताण’ म्हणत होतो त्याला आकडा मिळाला.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो. मी ‘काही दिवस’वर खूण केली. डॉक्टरांनी सरळ विचारलं, “जीव द्यावासा वाटतो का? काही ठरवलंय का?” ठरवलं काही नव्हतं, पण सकाळ उजाडूच नये असं वाटायचं. ते मोठ्याने बोलता आलं याचंच केवढं बरं वाटलं. असं विचारलं तर नसता विचार डोक्यात भरेल, या भीतीने घरचे गप्प राहतात. ती भीती खोटी आहे. शंका येत असेल तर विचारा, आणि उत्तर ‘हो’ आलं तर त्या माणसाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. गोळी सुरू झाली. पहिले काही दिवस मळमळ आणि तोंडाला कोरड होती, मग ती गेली. झोप आधी सुधारली, मन तीन-चार आठवड्यांनी. बरं वाटलं म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करायची नसते, हे त्यांनी प्रत्येक भेटीत बजावलं.

समुपदेशक मात्र मला बदलावे लागले. पहिले होते ते ‘तुमच्यापेक्षा वाईट परिस्थितीतली माणसं बघा’ म्हणायचे आणि घड्याळाकडे बघायचे. दोन-तीन भेटींत तिथे बोलावंसं वाटलं नाही तर बिनदिक्कत दुसरीकडे जा. आणि शिक्षण विचारा. बारीकसा कोर्स करूनही लोक पाटी लावतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते. गोळ्या ते देत नाहीत, त्या मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टरच देतात.

आताच्या बाई पुण्यात आहेत. एक भेट समोरासमोर, पुढची ऑनलाइन, असं चालतं. त्या विवेकनिष्ठ पद्धतीने काम करतात, म्हणजे घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा आपला विचार तपासायचा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1950 च्या दशकात ती मांडली आणि कि. मो. फडके यांनी आपल्याकडे मराठी माणसांपर्यंत पोचवली. तासाभराच्या आतलं सत्र असतं, पण खरं काम घरच्या वहीत होतं. माझ्या वहीतलं एक पान सांगतो. घटना: साहेबांनी कर्जाची फाइल त्रुटी काढून परत पाठवली. मनात आलेलं: मी आता कामाचा राहिलो नाही, सगळ्या शाखेला कळलंय. परिणाम: डबा न खाता घरी परत आणला. बाईंनी मला धीर दिला नाही. त्यांनी विचारलं, फाइल परत येऊ नये ही तुमची इच्छा आहे की अट? अट असेल तर ती कुणी घातली? त्रुटी किती होत्या? दोन. एक सही आणि एक मूल्यांकनाचा कागद. वीस वर्षांच्या नोकरीचा निकाल मी त्या दोन कागदांवर लावला होता. असं पान पुन्हा पुन्हा लिहिल्यावर कधीतरी तो प्रश्न काउंटरवर बसल्याबसल्या आपोआप डोक्यात येऊ लागला. मला तरी समुपदेशनाची खरी कमाई हीच वाटते.

दुसरं काम दिनक्रमाचं. मन तयार होण्याची वाट बघायची नाही, छोटी गोष्ट वेळेवर करायची. पहिल्या आठवड्यात तबल्याची फक्त खोळ काढायची होती, वाजवायचं नव्हतं. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण त्या दिवसांत तेही अवघड जात होतं.

खर्चाचं स्पष्ट सांगतो. माझ्या सत्राची फी बाराशे रुपये आहे, महिन्याला ते जाणवतं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं आहे, पण नेहमीच्या पॉलिसीत बाह्यरुग्ण भेटींचे पैसे सहसा मिळत नाहीत. परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. 14416 हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, फुकट आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येतं. एका वाईट रात्री मी त्यावर बोललो आहे. पलीकडच्या मुलीने घाई केली नाही.

सगळं सुटलेलं नाही. मार्चअखेरच्या कामात झोप पुन्हा बिघडली, वडिलांशी असलेला जुना तिढा तसाच आहे, त्यावर आता कुठे बोलायला लागलोय. मात्र घरातला आरडाओरडा थांबलाय. सत्रं महिन्यातून एकदावर आली आहेत, आणि गोळी हळूहळू कमी करायची का, ते डॉक्टर जूनमध्ये बघणार आहेत.